चंद्राच्या वाटेचं भाषण

नागपूर, १९ एप्रिल १९७०

चारुशीला,

हे पत्र वॉर्डातल्या नर्सबाईंजवळ देतो आहे. तुझ्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे असं कळलं, म्हणून त्या वाचून दाखवतील. मी स्वतः आलो असतो. पण तुझी आई दाराशी बसलेली दिसली आणि मी जिन्यावरूनच परत फिरलो.

आधी बातमी सांगतो, कारण तू तीच विचारशील. ते तिघं अंतराळवीर परत आले. शुक्रवारी आपल्याकडं रात्र असताना पॅसिफिक समुद्रात उतरले, तिघंही जिवंत. पेपरात आकृतीसकट सगळं आलं आहे. यान चंद्राकडं निघालं तेव्हा अशा कक्षेत होतं की पुढं काहीच केलं नाही तरी चंद्राला वळसा घालून ते आपोआप पृथ्वीकडं आलं असतं. पण ठरलेल्या जागी उतरता यावं म्हणून त्यांनी वाटेत इंजिन थोडं चालवलं आणि ती परतीची कक्षा सोडली. यानात स्फोट झाला तो त्यानंतर. म्हणजे त्यांना आधी परतीच्या कक्षेवर येणं भाग होतं. मंगळवारी संध्याकाळी रेडिओवर बातमी लागली तेव्हा तू हेच म्हणाली होतीस. तेव्हा पेपरात यातलं काहीच आलेलं नव्हतं. तुझं डोकं चालतं याबद्दल मला कधीच शंका नव्हती.

माझ्या उजव्या हाताला थोडं भाजलं आहे. अक्षर म्हणून असं.

चारुशीला, तू एवढी का वाकलीस? नळीपासून हातभर लांब राहायचं, असं मी तुला सांगितलं होतं. बहुतेक सांगितलं होतं. लाउडस्पीकरचा आवाज होता, इंदोऱ्याच्या त्या मैदानात हजार-दीड हजार माणूस, त्यात बाबासाहेबांची जयंती. कदाचित तुला ऐकू गेलं नसेल.

उद्या कॉलेजात चौकशी समिती बसते आहे. कपाटाची किल्ली कोणाजवळ होती, बाटली कोणी काढली, एवढंच विचारणार आहेत. तुझी तब्येत पाहता तुला बोलावू नये, जबाबासाठी वॉर्डातही माणूस पाठवू नये, असं मी प्रिन्सिपॉलसाहेबांना सांगून ठेवलं आहे. तूही सध्या कोणाशी काही बोलू नकोस. बोलण्यानं डोळ्यांवर ताण येतो.

डॉक्टर म्हणाले की डावा डोळा वाचेल.

रुपराव लांजेवार


नागपूर, २८ जून १९७०

चारुशीला,

समितीचा निकाल तुझ्या घरी पोचला असेल. ‘विद्यार्थिनीने परवानगीशिवाय कपाट उघडून रसायन बाहेर नेले’ हे शब्द माझे नाहीत, ऑफिसचे आहेत. किल्ली टेबलावर राहून गेली होती, एवढंच मी सांगितलं. पुढचं त्यांनी जुळवलं. मी मध्ये काही बोललो असतो तर प्रकरण पोलिसांत गेलं असतं. ते मी जाऊ दिलं नाही. एवढं तरी तू लक्षात ठेव.

कॉलेजातून नाव काढलं म्हणून आयुष्य संपत नाही. बी.एस्सी. बाहेरूनही करता येईल, डोळा बरा झाल्यावर पाहू. मी डेमॉन्स्ट्रेटर माणूस. माझ्या शब्दाला त्या टेबलावर किती वजन असणार? घरी दोन लहान मुलं आहेत. बायकोला, सुभद्रेला, तर मी सगळं सांगितलेलंही नाही. तुला हे समजेल. तू समजूतदार आहेस.

तुझे वडील बुधवारी लॅबमध्ये आले होते. मिलची पाळी सोडून आले असावेत, अंगावर कापसाची भुरी होती. मी खुर्ची पुढं केली, ते बसले नाहीत. मी त्यांना नीट समजावलं. ते शांत होऊन गेले. त्यांच्यावर रागावू नकोस, ते साधे आहेत.

माझ्या मनात तुझ्याबद्दल काहीही नाही. चूक कोणाच्या हातून होत नाही? जे झालं ते मी विसरलो आहे, तूही विसर. तुला हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं, म्हणून लिहितो.

तुझा कापडावरचा कक्षांचा नकाशा आणि भाषणाचे कागद माझ्या टेबलाच्या खणात आहेत. सांभाळून ठेवतो.

रुपराव लांजेवार


नागपूर, ९ जून १९७५

चारुशीला,

पाच वर्षांनी लिहितो आहे. तुझं उत्तर कधी आलं नाही, त्याबद्दल तक्रार नाही.

एप्रिलमध्ये आपल्या देशाचा उपग्रह वर गेला आणि तेव्हापासून मला गावोगावची बोलावणी येत आहेत. मौद्याला झालं, वाडीला झालं, गांधीबागेत कापडवाल्यांच्या मंडळानंसुद्धा बोलावलं. लोक मला चंद्राचे लांजेवार म्हणायला लागले आहेत. हसू येतं. मी तुझा नकाशा भिंतीला लावतो आणि तू लॅबमध्ये तालीम करायचीस तसंच सांगतो. यान म्हणजे मोटार नाही, त्याला वळायला रस्ता नसतो. ते पृथ्वीभोवती पडतच असतं, फक्त पुढं इतक्या वेगानं जातं की जमीन लागत नाही. आता त्याच्या मागून जोर लावला, तर ते त्या जागी वर उडत नाही. गोलाची समोरची बाजू लांबते. आणखी जोर लावला की आणखी लांबते. असं करत करत ती बाजू चंद्राच्या वाटेपर्यंत न्यायची, आणि चंद्र तिथं येईल त्याच वेळी आपणही पोचायचं. लोकांना हे फार आवडतं. बायासुद्धा मान हलवतात.

मौद्याला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उठून विचारलं, ‘त्या सत्तर सालच्या यानाचा स्फोट झाल्यावर त्याईनं काहीच केलं नसतं, नुसते बसून रायले असते, तर ते चंद्राले वळसा घालून वापस आले असते का नसते?’ मी म्हणालो, आले असते. म्हणालो खरा, पण घरी आल्यावर खात्री वाटेना. तेव्हा पेपरात काय वाचलं होतं ते आता नीट आठवत नाही, आणि तुझ्या कागदांत ते गणित नाही. तुला माहीत असेल. एक पोस्टकार्ड टाकलंस तरी चालेल.

मागच्या महिन्यात मी इंदोऱ्याला आलो होतो. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी टिनाची पाटी पाहिली, ‘गणिताची शिकवणी, चारुशीला नगरारे’. आतून मुली पाढे म्हणत होत्या. मी पानठेल्यावर थोडा थांबलो. मग सिटी बस आली.

रुपराव लांजेवार


नागपूर, ६ एप्रिल १९८४

चारुशीलाताई,

तुम्हाला ‘तू’ म्हणायचा हक्क मला नाही. तो चौदा वर्षांपूर्वीच गेला होता, माझ्या ध्यानात आता आला.

परवा बुधवारी कॉलेजच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान होतं. आपला माणूस अंतराळात गेला म्हणून पोरं नुसती पेटली आहेत. एका मुलीनं विचारलं, सर, चंद्रावर सरळ का नाही जात, आधी पृथ्वीभोवती घिरट्या का? मी फळ्यावर गोल काढला आणि म्हणालो, ‘इथं जोर लावला की फरक इथं नाही दिसत, समोरच्या बाजूला दिसतो.’ टाळ्या पडल्या. प्रिन्सिपॉल उठून म्हणाले, लांजेवारांसारखं सोपं करून सांगणारा माणूस नागपुरात दुसरा नाही. मी थँक्यू म्हणालो. पुढच्या महिन्यात रिटायर होतो आहे, म्हणून शालही दिली.

घरी आलो आणि जेवण जाईना. सुभद्रेनं कारण विचारलं. मी सांगितलं, सगळं. ती ताट हातात घेऊन उभी होती. म्हणाली, ‘चवदा वर्षं तुमी मले सांगतलं का पोट्टीनं चोरी केली. मी चार बायाईत बसून तेच सांगत रायली. आता माह्या तोंडाचं काय करू मी?’

तुम्हाला जे माहीत आहे तेच मी आता लिहितो. पण माझ्या हातचं ते कुठंच लिहिलेलं नाही, म्हणून लिहितो.

किल्ली टेबलावर नव्हती. ती माझ्या खिशात होती. नळ्यांत भरायच्या रसायनाची बाटली मी काढली, सोमवारी, तुम्ही घरी गेल्यावर. दोरीला टिनाचं यान टांगायचं, त्याला दारूच्या नळ्या बांधायच्या आणि लोकांसमोर पेटवायच्या, ही कल्पना माझी. तुमचा तिला सुरुवातीपासून विरोध होता. तुम्ही म्हणाला होतात, ‘सर, दोरीच्या झोक्यात मधला बिंदू मधोमध असते. खऱ्या कक्षेत पृथ्वी एका बाजूले असते. हे दाखवलं तर लोक चुकीचं शिकतील.’ तुमचं बरोबर होतं. मला उत्तर देता आलं नाही, म्हणून मी तुम्हाला हसण्यावारी नेलं.

जयंतीच्या दिवशी मिरवणूक परत आली. संध्याकाळी विहारासमोरच्या दुकानातल्या रेडिओवर बातमी लागली. तुम्ही धावत माझ्याकडं आलात. तुमचे शब्द मला पाठ आहेत.

‘सर, आज नळ्या नका लावू. तिकडं खरीच तीन मानसं अडकून रायली. आपन फळ्यावर सांगू, ते वापस कसे येऊ शकतील ते. लोकं आयकतील.’

मी म्हणालो, ‘फळा पाहायले कोन येते? लोक बसले आहेत. चल.’

तुम्ही माइकवर बोलायला लागलात. पहिली नळी मी पेटवली. यान लांब गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी पेटली नाही. मी खांबापाशी उभा होतो. मीच म्हणालो, ‘पाहा वं जरा, विझली का.’ तुम्ही माइक खाली ठेवलात आणि वाकलात. माझा हात भाजला तो नंतर, तुमच्या पदराची आग विझवताना. तेवढं एक खरं आहे.

समितीसमोर मी घाबरलो होतो, पण खोटं बोलायचं ठरवून आत गेलो नव्हतो. त्यांतल्या एकानं विचारलं, ‘ती मुलगी कुठली? इंदोऱ्याची ना?’ मी हो म्हणालो. बाकीच्यांनी एकमेकांकडं पाहून माना हलवल्या. तेवढ्यात मला समजलं की मला फार काही सांगावंच लागणार नाही. किल्ली टेबलावर राहिली, एवढं एक वाक्य पुरलं.

आणि तुमचे वडील, नानाजी. मी लिहिलं होतं, समजावलं. खोटं होतं ते. नानाजी दारातच उभे राहिले आणि म्हणाले, ‘मास्तर, मले बाकी काही नाही पाहिजे. पोरीनं घेतलं का, एवढंच सांगा.’ लॅबमध्ये दुसरं कोणी नव्हतं. खरं सांगितलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. मी म्हणालो, हो.

आज सकाळी मी प्रिन्सिपॉलांना लेखी दिलं. त्यांनी वाचलं, घडी केली आणि कागद मला परत दिला. म्हणाले, तेव्हाचे कोणी उरले नाहीत, फाइलही नाही, आता शेवटच्या महिन्यात हे कशाला काढता? मी कागद घेऊन बाहेर आलो.

जयंती आठवड्यावर आली आहे. तुम्ही म्हणाल तर स्टेजवर उभा राहून सगळ्यांसमोर सांगतो. त्याच मैदानात. तुम्ही म्हणाल ते करीन.

रुपराव लांजेवार


इंदोरा, नागपूर
१० एप्रिल १९८४

रुपराव लांजेवार यांना,

अक्षर मोठं आहे, कारण डावा डोळा कागदाला लावून लिहावं लागतं. त्यामुळं थोडक्यात लिहिते.

१९७५ साली तुम्ही एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर आधी देते, म्हणजे ते एक संपेल. ते परत आले नसते. बदललेल्या कक्षेवरूनही चंद्राला वळसा पडला असता, यान पृथ्वीकडं फिरलंही असतं, पण पृथ्वीला चुकवून पुढं गेलं असतं. म्हणून स्फोटानंतर साडेपाच तासांनी त्यांनी चौतीस सेकंद इंजिन चालवलं आणि यान परतीच्या कक्षेवर आणलं. चौतीस सेकंद पुरले, कारण तेव्हा ते लांब होते. लांबून थोडं वळवलं तर पुढं फरक मोठा पडतो. उशीर केला असता तर तेवढ्याच फरकाला जास्त इंधन लागलं असतं. आपल्याकडं तेव्हा दुपारचे सव्वादोन वाजले होते. मी मिरवणुकीत होते. संध्याकाळी मी तुमच्याकडं धावत आले तेव्हा ते परतीच्या कक्षेवर आलेले होते, मला माहीत नव्हतं. हे सगळं मी पुढं शिकवणीच्या मुलींकडून पुस्तकं वाचून घेऊन समजून घेतलं. मौद्याच्या त्या गृहस्थांना तुम्ही चुकीचं सांगितलंत.

आता दुसरं. तुमचं सत्तर सालच्या जूनचं पत्र माझ्या हाती आलंच नाही. पोस्टमननं ते बाबांना दिलं. बाबांना वाचता येत नव्हतं. शेजारचे चंद्रभान तेव्हा महानगरपालिकेत शिपाई होते, बाबांनी त्यांच्याकडून ओट्यावर वाचून घेतलं. चार माणसं बसली होती. ‘चूक कोणाच्या हातून होत नाही’ हे वाक्य बाबांनी दोनदा वाचायला लावलं. मी आत खाटेवर होते, मला ऐकू येत होतं.

मी बाबांना खरं काय ते सांगितलं. पहिल्या दिवशी सांगितलं, मग महिन्यानं सांगितलं, मग पुन्हा सांगितलं. ते म्हणायचे, ‘मास्तर तोंडानं बोलला, वरून लिहून देल्लं. लिहून देल्लेलं खोटं कसं राहीन?’ त्यांनी मला कॉलेजात घातलं ते लिहिण्यावाचण्यावर भरवसा होता म्हणूनच. तो भरवसा त्यांना मोडता आला नाही. त्यापेक्षा मुलगी खोटी मानणं त्यांना सोपं गेलं असेल, किंवा अवघडही गेलं असेल. ते मला कधी विचारता आलं नाही. त्यानंतर आठ वर्षं आम्ही दोन खोल्यांत राहिलो आणि ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. ताट वाढलं, पाणी तापलं, दार लाव.

१९७८ च्या थंडीत ते गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, ‘जाऊ दे पोरी. म्या माफ केलं तुले.’ मी त्यांचा हात धरला आणि ‘हाव बाबा’ म्हणाले. त्या वेळी दुसरं काय म्हणणार होते? त्यांनी जे केलं ते मोठ्या मनानं केलं. मला ते घ्यावं लागलं.

तुम्ही मला पत्र लिहिलंत, यात मला काही मिळालं नाही. मला हे सगळं माहीत होतं.

कॉलेजचा कागद नको. जयंतीच्या स्टेजवर येऊ नका, तिथं तुम्ही छान बोलाल. रविवारी सकाळी आई घरी असते. तिला सांगा. ती माझं खरं मानत आली, पण बाबांसमोर तिनं कधी तोंड उघडलं नाही, आणि ते तिला लागून राहिलं आहे. मी त्या वेळी घरी नसेन.

येताना माझं कापड आणि भाषणाचे कागद घेऊन या.

चारुशीला नगरारे


नागपूर, १६ एप्रिल १९८४

चारुशीलाताई,

काल सकाळी तुमच्या घरी जाऊन आलो. तुमच्या आईंनी तुम्हाला सांगितलं असेल, पण त्या थोडक्यात सांगतील असं वाटतं, म्हणून मी लिहितो.

नऊ वाजता पोचलो. तुमच्या आई, प्रयागबाई, दारात सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मला ओळखलं नाही त्यांनी. ‘शिकवनी नाही आज, पोरगी बाहेर गेली,’ म्हणाल्या. मी नाव सांगितलं. त्यांचा हात थांबला. मग म्हणाल्या, ‘बसा.’

मी खाली ओट्यावर बसलो आणि सांगितलं. किल्ली, बाटली, नळी, ‘पाहा वं’ म्हणालो ते, समिती, सगळं. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं,

‘माह्या मानसानं तुमाले इचारलं होतं ना?’

‘हो.’

‘अन तुमी हो म्हनलं.’

‘हो.’

‘काहून?’

भीती वाटली, नोकरी जाईल असं वाटलं, असं मी काहीतरी सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग सूप बाजूला ठेवलं, कापड आणि कागद माझ्या हातून घेऊन आत फळीवर ठेवून आल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पायात चपला घातल्या.

‘चला,’ म्हणाल्या.

मला वाटलं, विहारात नेतात. त्या शेजारच्या दारात थांबल्या. चंद्रभान खाटेवर पडले होते. फार थकले आहेत, कानानं ऐकू येत नाही. प्रयागबाई म्हणाल्या, ‘ह्याईनं वाचलं होतं तुमचं पत्र. ह्याईले सांगा. जोरानं सांगा.’ मला अक्षरशः ओरडावं लागलं. ‘बाटली मी काढली होती, चारुशीलेनं नाही.’ गल्लीतली माणसं दारात आली. चंद्रभान माझ्याकडं पाहत राहिले आणि म्हणाले, ‘म्या तं जे लिहून होतं तेच वाचलं, बाई.’ ते त्यांना म्हणत होते, मला नाही.

तिथून गल्लीतल्याच बायजाबाईंकडं गेलो. त्यांच्या पुतण्याचं स्थळ तुमच्यासाठी आलं होतं आणि चोरीचं कळल्यावर परत गेलं, हे मला तिथं उभं असताना कळलं. तुम्ही पत्रात लिहिलं नव्हतं. बायजाबाई आत निघून गेल्या. मग पुढच्या दारी गेलो.

असं एकेक घर झालं. कुठं एकाच वाक्यात झालं, कुठं पहिल्यापासून सांगावं लागलं. एका घरी जेवणं चालली होती, तिथं आम्ही त्यांचं होईपर्यंत बाहेर थांबलो. ऊन चढलं होतं. एका बाईनं तुमच्या आईंना पाणी दिलं, मला दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. एका माणसानं माझी कॉलर धरली. प्रयागबाई त्याला म्हणाल्या, ‘सोड गा. बोलू दे त्याले, अजून घरं हायेत.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. घर सारवायला घेतल्यावर एखादा कोपरा सोडू नये, तसं त्या पाहत होत्या.

चार-पाच घरांनंतर माझ्या लक्षात आलं की मी नीट सांगायला लागलो आहे. कुठं थांबायचं, आवाज कुठं खाली आणायचा, ते जमायला लागलं होतं. तुम्ही स्टेजबद्दल जे लिहिलं होतं ते मला तेव्हा कळलं. पुढच्या दारात मी फक्त एवढंच म्हणालो की बाटली मी काढली, मुलीनं नाही, आणि तिच्या बापाला मी खोटं सांगितलं.

गल्लीच्या शेवटी एक नवीन भाडेकरू आहेत. तरुण बाई, कडेवर मूल, नवरा वाडीला गोदामात कामाला. दोन महिन्यांपूर्वी राहायला आलेले. मी प्रयागबाईंना म्हणालो, ह्यांना कशाला, ह्यांना तर काहीच माहीत नाही.

त्या म्हणाल्या, ‘उद्या कोनी तरी सांगनच त्याईले. त्याच्या आंधी तुमी सांगा.’

मी सांगितलं. तुम्ही कोण, कॉलेज कोणतं, चंद्राचं भाषण काय होतं, इथपासून सगळं सांगावं लागलं. बाईनं मुलाला या कडेवरून त्या कडेवर घेत सगळं ऐकलं. मधूनमधून ती तुमच्या आईंकडं पाहत होती.

माझं संपल्यावर तिनं मला विचारलं, ‘मंग तुमाले काय झालं?’

‘काही नाही,’ मी म्हणालो.

रुपराव लांजेवार